सामना संपल्यानंतरची उजळणी

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



परीक्षेच्या निकालाचा दिवस सर्वांच्या ओळखीचा असतो. त्या दिवशी घरात पेढे येतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी मोकळेपणाने बोलत नाही. निकालानंतरचा दुसरा दिवस मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. गुणपत्रक कपाटात ठेवले जाते, आणि मुलाने त्या तीन तासांत काय विचार केला, कोठे अडखळला, कोणते उत्तर केवळ नशिबाने बरोबर आले, हे विचारायचे राहून जाते. शाळेच्या साठ वर्षांचा गौरव होत असताना या दुसऱ्या दिवसाविषयी बोलावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. त्यासाठी निवडलेला विषय दूरचा आहे: अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा एक प्रशिक्षक आणि सामना संपल्यावर त्याच्यापुढे बसणारा अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कोणी तिकडे स्थायिक झाले असतील त्यांना हा खेळ परका नाही. इतरांसाठी त्याची थोडी ओळख करून द्यावी लागेल.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ ओळखला जातो, त्यात पायांचे काम थोडे आणि हातांचे अधिक. चेंडू लंबगोल, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार डाव मिळतात आणि तेवढ्यात किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. जमले तर आणखी चार डाव, न जमल्यास चेंडू गमावण्याची पाळी. एकेक डाव जेमतेम सहा-सात सेकंदांचा. डावाच्या आरंभी ज्याच्या हाती चेंडू येतो तो क्वार्टरबॅक. समोरची बचावफळी कशी उभी आहे हे त्याने आधी ओळखायचे आणि चेंडू हाती येताच कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. त्याच वेळी शंभर-सव्वाशे किलो वजनाचे बचावपटू त्याला लोळवण्यासाठी धावून येत असतात. हे सारे करणारा मुलगा महाविद्यालयात शिकत असतो. अलाबामा विद्यापीठाच्या टस्कलूसा येथील मैदानात त्याच्याभोवती सुमारे एक लाख माणसे बसलेली असतात. आपल्याकडे एखाद्या परीक्षार्थ्याच्या पाठीमागे एक पर्यवेक्षक उभा राहिला तरी त्याची लेखणी थांबते!

सामने बहुधा शनिवारी होतात. प्रत्येक डाव किमान दोन बाजूंनी चित्रित केलेला असतो. एकदा मैदानाच्या लांबीच्या बाजूने उंचावरून आणि एकदा मैदानाच्या टोकाकडून. रविवारी प्रशिक्षकमंडळी ती चित्रफीत घेऊन बसतात. एक डाव पुढे, मागे, पुन्हा पुढे असा अनेकदा पाहिला जातो आणि प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर त्या डावापुरते अधिक किंवा उणे असे चिन्ह पडते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ही तपासणी फार बारकाईची असते. चेंडू हाती येण्यापूर्वी त्याने बचावाची रचना नीट वाचली का? त्याची नजर प्रथम कोठे गेली? पावले जितकी मागे पडायला हवी होती तितकीच पडली का? पहिला सहकारी मोकळा नाही हे कळल्यावर तो दुसऱ्याकडे वळला, की पहिल्याचीच वाट पाहत उभा राहिला? या साऱ्या प्रश्नांनंतर, आणि खरे तर त्यांच्या मानाने गौण म्हणून, शेवटचा प्रश्न येतो, तो म्हणजे फेकलेला चेंडू झेलला गेला का.

हा क्रम विचार करण्याजोगा आहे. समजा, खेळाडूने चुकीचा निर्णय घेतला, दोन बचावपटूंच्या मधोमध चेंडू भिरकावला आणि सहकाऱ्याने अचाट उडी मारून तो झेलला. शनिवारी टाळ्यांचा कडकडाट होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि रविवारी त्याच डावासमोर उणे पडते. उलट, त्याने योग्य सहकारी हेरला, पावले बरोबर टाकली, चेंडू वेळेवर सोडला, पण तो सहकाऱ्याच्या बोटांतून उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, तर सामन्याच्या अधिकृत नोंदीत ती चूक क्वार्टरबॅकच्या नावावर कायमची बसते. प्रशिक्षकाच्या वहीत मात्र त्याला अधिक मिळते. गणिताच्या शिक्षकांना हे चटकन उमगेल. रीत चुकूनही उत्तर बरोबर येणारी वही आणि रीत बरोबर असूनही शेवटच्या ओळीत बेरीज चुकलेली वही यांतली कोणती अधिक चिंतेची, हे त्यांना सांगावे लागत नाही. पालकांना मात्र ते कधीकधी सांगावे लागते.

ही तपासणी अतिशय कसोशीने करणाऱ्यांत निक सेबन यांचे नाव घ्यावे लागते. २००७ पासून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक होते. तेथे सहा आणि त्यापूर्वी लुइझियाना राज्य विद्यापीठात एक, अशी सात राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या संघांनी मिळवली. ते वाढले वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींच्या मुलखात. वडिलांचा पेट्रोल पंप होता. तेथे अकराव्या वर्षापासून ते गाड्यांत इंधन भरीत, गाड्या धूत. गडद रंगाच्या गाड्यांवर फडक्याचे ओघळ उठून दिसतात, म्हणून काळी किंवा निळी गाडी आली की हा मुलगा धास्तावत असे. कारण एक जरी ओघळ राहिला, तरी वडील सगळी गाडी पुन्हा धुवायला लावीत. वडील गावातल्या मुलांच्या फुटबॉल संघाचेही प्रशिक्षक होते. १९७३ मध्ये अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. सेबन यांनी पुढे जी शिस्त आयुष्यभर वापरली, तिचे मूळ ते स्वतः त्या गाड्यांच्या ओघळांत सांगतात.

परंतु केवळ कडक शिस्तीने भागत नाही, हेही त्यांना शिकावे लागले. १९९८ मध्ये ते मिशिगन राज्य विद्यापीठात होते. सामना होता ओहायो राज्य विद्यापीठाशी. तो संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि एकही सामना हरला नव्हता. विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ लायनेल रोझेन यांच्या सल्ल्याने सेबन यांनी आपल्या खेळाडूंना गुणफलक विसरायला सांगितले. एक डाव सात सेकंदांचा असतो. तेवढाच सामना समजा, तो संपला की संपला, मग पुढचा. त्यांचा संघ पंधरा गुणांनी मागे पडला होता. शेवटी २८-२४ असा जिंकला. तेव्हापासून ‘प्रक्रिया’ हा शब्द सेबन यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. आज तो शब्द व्यवस्थापनाच्या वर्गांत इतका घासला गेला आहे की त्याचे नाणे गुळगुळीत झाले. मूळ कल्पना मात्र अगदी साधी होती.

आता त्या मुलाकडे वळावे. जेलन हर्ट्स हा टेक्सासमधला. त्याचे वडील शाळेच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. म्हणजे सामन्यानंतरची उजळणी त्याच्या घरीच होती. २०१६ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी तो अलाबामाकडून प्रथम मैदानात उतरला. महाविद्यालयीन आयुष्यातल्या पहिल्याच डावात त्याच्या हातून चेंडू निसटला आणि प्रतिस्पर्ध्यांनी तो पटकावला. त्या क्षणी त्याला बाकावर बसवून ठेवणे सोपे होते. तसे झाले नाही. त्याच सामन्यात तो पुन्हा उतरला, चार टचडाउनना कारण झाला आणि अलाबामाने तो सामना ५२-६ असा जिंकला. दुसऱ्या सामन्यापासून पहिल्या वर्षाचा हा विद्यार्थी संघाचा नियमित क्वार्टरबॅक झाला. सेबन यांच्या अलाबामातील कारकिर्दीत असे पूर्वी घडले नव्हते.

त्या हंगामात अलाबामा अंतिम सामन्यापर्यंत अपराजित राहिले. ९ जानेवारी २०१७ रोजी क्लेमसनविरुद्ध सामना संपायला दोन मिनिटे उरली असताना हर्ट्सने तीस यार्ड धावत जाऊन संघाला आघाडी मिळवून दिली. घड्याळात एक सेकंद उरला असताना क्लेमसनने टचडाउन केला आणि सामना ३५-३१ असा गमावला गेला. लोकांच्या आठवणीत ती झेप राहिली आणि तो एक सेकंद राहिला. तपासणाऱ्याच्या डोळ्यांना आणखी एक आकडा दिसत होता: त्या रात्री हर्ट्सने फेकलेल्या ३१ चेंडूंपैकी फक्त १३ सहकाऱ्यांच्या हाती पोहोचले होते. धावण्यात तो अद्वितीय होता. चेंडू फेकण्यात, विशेषतः पहिला सहकारी मोकळा नसताना दुसरा शोधण्यात, कच्चा होता. आणि जिंकत असताना हा कच्चेपणा झाकला जात होता.

झाकला जातो, हीच यातील अवघड गोष्ट. पराभवानंतर उजळणी करायला सगळेच तयार असतात. मन आधीच दुखावलेले असते, त्यावर प्रत्येक जण बोट ठेवतो. विजयानंतरची उजळणी अधिक महत्त्वाची आणि ती फार थोडे लोक करतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाबामाने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला २७-१९ असे हरवले. जिंकलेल्या सामन्यानंतर सेबन पत्रकारांवर संतापले. वर्तमानपत्रांतली स्तुती म्हणजे उंदीर मारण्याचे विष, आणि माझे खेळाडू ते खातात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. उपमा ओबडधोबड खरी, पण ती मुद्दाम निवडलेली आहे. उंदराचे विष उंदराला गोड लागते, म्हणून तर तो ते खातो.

येथे मराठी श्रोत्यांना रमाकांत आचरेकर सरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोप घेताना सचिन तेंडुलकर यांनी सांगितले होते की सरांनी एकोणतीस वर्षांत एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही; तसे म्हटले तर मुलगा निर्धास्त होईल, मेहनत सोडेल, असे त्यांना वाटे. हे वाक्य नंतर अनेक घरांत अनेक पालकांनी आपल्या अबोल्याच्या समर्थनार्थ वापरले. मात्र एक गोष्ट विसरली जाते. आचरेकर सर शब्दांनी कौतुक करीत नसत, पण मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिन बाद झाला नाही तर ते नाणे त्याचे. शिवाजी पार्कच्या धुळीत ते रोज संध्याकाळी उभे असत. एका दिवसात अनेक मैदानांवर सामने खेळता यावेत म्हणून त्याला स्कूटरवर बसवून नेत. कौतुक न करण्याचा अधिकार त्यांनी अशा प्रकारे मिळवला होता. घरात वर्तमानपत्रामागून ‘ठीक आहे’ एवढेच म्हणणाऱ्या वडिलांना तो आपोआप मिळत नाही.

कौतुक किती करावे आणि रागे किती भरावे, या प्रश्नावर एक जुना अभ्यासही आहे. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांची पंधरा सराव सत्रे शेजारी बसून पाहिली. वुडन यांच्या संघांनी तोपर्यंत बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदांपैकी नऊ मिळवली होती आणि दहावे त्याच हंगामाच्या शेवटी यायचे होते. अभ्यासकांनी त्यांचे प्रत्येक वाक्य टिपले. एकूण २,३२६ शिकवण्याच्या कृती नोंदल्या. कौतुक होते सुमारे सात टक्के, नाराजी जवळजवळ तितकीच. उरलेला प्रचंड भाग, तीन चतुर्थांश, निव्वळ माहितीचा होता: हात येथे ठेव, पाय असा टाक, चेंडू यावेळी सोड. वुडन हे मूळचे शाळेत इंग्रजी शिकवणारे शिक्षक होते, ही बाब शिक्षक बंधुभगिनींना सांगायला आनंद वाटतो. शाबासकी की फटका, या वादात आपण पालक आणि शिक्षक जितका वेळ घालवतो, तितक्या वेळात मुलाला पाय कोठे टाकावा हे सांगून होते.

पुन्हा अलाबामाकडे यावे. ८ जानेवारी २०१८, अटलांटा. पुन्हा अंतिम सामना, समोर जॉर्जिया विद्यापीठ. पूर्वार्धात हर्ट्सने आठ चेंडू फेकले, तीन पोहोचले, मिळाले २१ यार्ड. मध्यंतराला अलाबामा ०-१३ असे मागे होते. पंचवीसहून अधिक सामने जिंकून देणाऱ्या त्या मुलाला सेबन यांनी बाकावर बसवले आणि हवाईतून आलेल्या, पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या, डावखुऱ्या तुआ टॅगोवायलोआला उतरवले. सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. सामना २०-२० असा बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. जॉर्जियाने लाथेने चेंडू खांबांमधून पाठवून तीन गुण मिळवले. अलाबामाची पाळी आली तेव्हा चेंडू जॉर्जियाच्या २५ यार्डांच्या रेषेवर होता. म्हणजे फार पुढे न जाताही तीन गुणांची बरोबरी साधण्याची संधी समोर होती.

पहिल्याच डावात टॅगोवायलोआ चेंडू हातात धरून मागे मागे सरकत राहिला आणि सोळा यार्ड मागे लोळवला गेला. त्या अंतरावरून लाथेने गुण मिळवणे जवळजवळ अशक्य. चेंडू मैदानाबाहेर फेकून दिला असता तरी नुकसान टळले असते. अनुभवी माणसाने हळहळावे अशी ती चूक होती. पुढच्याच डावात त्याच मुलाने आधी उजवीकडे पाहून शेवटच्या बचावपटूला तिकडे गुंतवले, मग डावीकडे वळून एक्केचाळीस यार्डांचा चेंडू फेकला, तो डेव्होंटा स्मिथने झेलला आणि अलाबामाने अजिंक्यपद २६-२३ असे जिंकले.

दोन डाव, एकच मुलगा, मधे मिनिटभराचे अंतर. जगाच्या हिशेबात दुसऱ्या डावाने पहिला पुसून टाकला. प्रशिक्षकाच्या वहीत तो पुसला जात नाही. तेथे एक उणे आणि एक अधिक शेजारी शेजारी राहतात. पहिल्या डावातले उणे दुसऱ्याच्या तेजात दिसेनासे झाले, तर ते पुढच्या एखाद्या सामन्यात पुन्हा येईल आणि तेव्हा दुसरा डाव मिळेलच असे नाही.

मराठी मुलखाबाहेरच्या मराठी शाळेत हा विचार थोडा अधिक टोचतो. येथे मुलाला मराठी माध्यमात घालणे हा घराघरांत वादाचा विषय झालेला असतो. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, कधी घरातलेच कुणी विचारते. मग मुलाची प्रत्येक चाचणी त्या वादातला पुरावा होते. त्याला चांगले गुण मिळाले की पालकांचा निर्णय बरोबर ठरतो, आणि कमी मिळाले की ‘तरी सांगत होतो’ असे ऐकावे लागते. अशा घरात उत्तरपत्रिका उघडली जाते ती मुलाने काय केले हे पाहण्यासाठी नव्हे. आपण हरलो की जिंकलो हे पाहण्यासाठी. मुलाला हे बरोबर कळते. ते मग चूक दाखवत नाही, लपवते. ज्या प्रशिक्षकाला स्वतःच्या नोकरीची चिंता खेळाडूच्या पावलांपेक्षा मोठी वाटते, त्याच्या चित्रफितीतही पावले दिसत नाहीत. पालकांवर हा आरोप म्हणून हे सांगितलेले नाही. असा दबाव सोसून त्यांनी मुले या शाळेत पाठवली, म्हणून तर हीरक महोत्सव पाहायला मिळाला.

सेबन यांच्या गोष्टीत आतापर्यंत सगळे त्यांच्या बाजूने आहे. एक गोष्ट नाही. त्या अंतिम सामन्यानंतर हर्ट्सने मैदानावर टॅगोवायलोआला मिठी मारली, सहकाऱ्याचे तोंड भरून कौतुक केले, कुठेही कडवटपणा दाखवला नाही. सर्वांनी त्याच्या मनाच्या मोठेपणाचे गोडवे गायले आणि विषय संपवला. वसंत ऋतूतला सराव झाला, उन्हाळा गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याचे विसावे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास, तो पत्रकारांसमोर बसला आणि शांतपणे म्हणाला की इतक्या महिन्यांत कुणीही, प्रशिक्षकांपैकीही कुणी, त्याला कसे वाटते आहे हे विचारले नाही. सगळे त्याच्याविषयी बोलत होते आणि त्याच्याशी कुणी बोलले नव्हते.

ज्या यंत्रणेने त्याची प्रत्येक नजर कोठे वळली हे सेकंदाच्या तुकड्यांत मोजले होते, तिच्याकडून हा एक प्रश्न राहून गेला. तो चित्रफितीत दिसत नाही म्हणून राहिला असेल. मुलगा हसतमुख होता म्हणूनही राहिला असेल. गुणी मुलांच्या वाट्याला हे अधिक येते. जे रडते, आदळआपट करते, त्याची चौकशी होते. जे समंजसपणे दुसऱ्याचे अभिनंदन करते, त्याला आपण समंजस म्हणून सोडून देतो. शाळेतही नाटकातली मुख्य भूमिका ऐनवेळी दुसऱ्याला दिली जाते, कबड्डीच्या संघातून कुणाचे तरी नाव गळते, आणि ते मूल पडदा ओढायला किंवा पाण्याच्या बाटल्या भरायला आनंदाने पुढे येते. त्याला बाजूला घेऊन पाच मिनिटे बोलणे कुणाच्या वेळापत्रकात नसते. चुका सांगणे हा उजळणीचा अर्धा भाग. ऐकणे हा उरलेला अर्धा. सेबन यांच्यासारख्या माणसाकडूनही तो सुटला, याची नोंद घ्यावी लागते.

हर्ट्स विद्यापीठ सोडून जाईल असे सगळ्यांना वाटत होते. तो त्या हंगामात गेला नाही. राखीव म्हणून बाकावर बसला, सराव करीत राहिला. या काळात त्याच्यावर आक्रमणाची आखणी शिकवणारे सहाय्यक प्रशिक्षक पुन्हा बदलले होते. तीन हंगामांत तिसरी परिभाषा. त्यातही त्याची फेक सुधारत गेली. १ डिसेंबर २०१८ रोजी त्याच अटलांटात, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध विभागीय अजिंक्यपदाचा सामना होता. शेवटच्या सत्रात अलाबामा सात गुणांनी मागे असताना टॅगोवायलोआ जायबंदी झाला आणि हर्ट्स उतरला. दहा यार्डांची एक अचूक फेक करून त्याने बरोबरी साधली. मग एक मिनिट उरले असताना पंधरा यार्ड स्वतः धावत जाऊन त्याने सामना जिंकून दिला. ३५-२८. सामना संपल्यावर मैदानावरच्या मुलाखतीत त्याच्याविषयी बोलताना सेबन यांचा गळा दाटून आला. त्यांना भावनावश होताना फार थोड्यांनी पाहिले होते. त्याच महिन्यात हर्ट्सने आपली पदवी साडेतीन नव्हे, तीनच वर्षांत पूर्ण केली. क्रीडावृत्तांत हा तपशील बहुधा शेवटच्या ओळीत येतो, शाळेच्या व्यासपीठावर तो इतक्या मागे ठेवता येत नाही.

पुढे तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला, देशातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात दुसरा आला, आणि २०२० मध्ये फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाने त्याला निवडले तेव्हा त्याच्या आधी बावन्न नावे पुकारली गेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना त्याचा संघ ३८-३५ असा हरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला ४०-२२ असे हरवून त्याने तो जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या रात्री त्याने बावीस चेंडू फेकले. सतरा सहकाऱ्यांच्या हाती पोहोचले, आणि एक पूर्वार्धात थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. टस्कलूसाच्या जुन्या वहीत असता, तर त्या डावापुढे काय चिन्ह पडले असते, हे चित्रफीत दोन बाजूंनी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.